पाच वाटे वर, तीन वाटे खाली

लिऊवे तेर्पस्त्राने एके काळी एकशे चाळीस गावांचा कारभार पाहिला होता. जावा बेटाच्या पश्चिमेला, प्रियांगानच्या डोंगरात तो डच सरकारचा कंट्रोलर होता. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, दाराशी घोडा, पुढे मोटारही आली. आणि तो रस्त्याने निघाला की शेतातली माणसं हातातलं काम टाकून बांधावर उकिडवी बसत. आता १९४४ चा जुलै होता. जपान्यांच्या कैदेत त्याला सव्वादोन वर्षं झाली होती आणि चिमाहीच्या छावणीत तो गटारं उपसणाऱ्या टोळीत होता. चड्डी कमरेवर टिकेना म्हणून त्याने काथ्याची दोरी आवळली होती. बायको, आल्का, बांडुंगला बायकांच्या छावणीत. जेमतेम दोन-तीन तासांच्या चालीवर, पण तिचं शेवटचं कार्ड येऊन सात महिने झाले होते. पंचवीस शब्दांची मुभा, तेही मलयमध्येच लिहायचे. आल्काचं मलय म्हणजे स्वैपाकिणीशी बोलायचं मलय. 'मी बरी. भात कमी. तुमचे मोजे एका बाईला दिले. रागावू नका.' कार्डावर एवढंच होतं, आणि ते त्याने इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर फाटलं होतं.

त्याच्या बराकीला छावणीतले बाकीचे लोक 'सरकार' म्हणत. जुने अधिकारी सगळे एकत्र कोंबलेले, म्हणून. एकूण अकरा जण. दर मंगळवारी त्यांच्यातले सगळ्यांत वरच्या हुद्द्याचे, असिस्टंट रेसिडेंट फान राल्टे बैठक घ्यायचे. जपान हरल्यावर राज्य परत हातात घेताना पहिल्या शंभर दिवसांत काय काय करायचं, याची चर्चा चाले. फान राल्टे साठीचे, पाय सुजलेले, पण बाकावर मधली जागा त्यांचीच. न्यायाधीश ओस्टिंग म्हणून एक होता, तो दर वेळी तोच ठराव मांडायचा.

"पहिला दिवस: पोटभर जेवणे. उरलेले नव्याण्णव दिवस: झोपणे."

"ओस्टिंग, इथे थट्टा चाललेली नाही," फान राल्टे म्हणत.

"मीही थट्टा करत नाही, साहेब."

एका सोमवारी सकाळच्या हजेरीनंतर तेर्पस्त्राचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. एकट्याचं. अशी हाक आली की बराकीतली माणसं मान खाली घालून पायांकडे बघायला लागायची. गेल्या महिन्यात एकाला असंच बोलावलं होतं, तो परत आला नव्हता. ओस्टिंगने त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "जा. मी धरतो."

कचेरीत शिरताच तेर्पस्त्राने कमरेत वाकून नमस्कार घातला. मान वर केली तेव्हा टेबलामागे दोघे दिसले. एक जपानी, पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दुसरा राडेन विरासास्मिता.

विरासास्मिता हा त्याचा मामलेदार. इथला देशी माणूस, खानदानी घराण्यातला, सहा वर्षं त्याच्या हाताखाली होता. त्या सहा वर्षांत तेर्पस्त्रा खुर्चीत बसायचा आणि विरासास्मिता चटईवर. तेर्पस्त्रा त्याला 'तू' म्हणायचा, आणि तो तेर्पस्त्राला 'आपण'. राज्य बदललं तरी मामलेदारी त्याच्याकडेच राहिली होती. आज खुर्चीत तो होता, आणि तेर्पस्त्रा चिखलाने भरलेल्या पायांनी समोर उभा होता.

दोघांनाही एकमेकांना काय म्हणावं ते कळेना.

"तब्येत कशी काय?" विरासास्मिताने विचारलं. तुझी नाही, तुमची नाही, आपली नाही. नुसतीच तब्येत.

"चाललंय," तेर्पस्त्रा म्हणाला. "घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे."

जपान्याचं नाव कुसाबा. जिल्ह्याचा भात गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो मलय बोले, पण एकेक शब्द दगडासारखा खाली ठेवत. चिगोंदांग आणि सुकावांगी ही दोन गावं पाण्यावरून भांडतायत, तो म्हणाला. आठवड्यापूर्वी बंधाऱ्यावर कुदळी निघाल्या, एकाचा हात मोडला. खालच्या गावाचं भातपीक करपायला लागलंय. वरचा पाटील म्हणतो, डच सरकारचा कागद आहे, पाणी माझं. कागद कुठे आहे?

"जळाला," तेर्पस्त्रा म्हणाला.

"कुणी जाळला?"

"मी. जपानी फौज यायच्या आदल्या दिवशी. वरून हुकूम होता, सगळं दप्तर जाळायचा."

कुसाबाने विरासास्मिताकडे पाहिलं. विरासास्मिता म्हणाला, "म्हणूनच म्हटलं होतं, माणसालाच विचारू. कागद जळाला, डोकं तर शाबूत आहे."

"उद्या याला बंधाऱ्यावर न्या," कुसाबा म्हणाला. "वाटणी काय होती ते सगळ्यांसमोर सांगू दे. मला भांडण नको. पोती हवीत."

त्या संध्याकाळी मंगळवारची बैठक सोमवारीच भरली. कुणी म्हणालं, जाऊच नका, शत्रूच्या गोदामात भात भरायला मदत करणं म्हणजे देशद्रोह. कुणी म्हणालं, नाही गेला तर इथे सगळ्यांचं रेशन कापतील. ओस्टिंग म्हणाला, "जा, आणि येताना अंडी आण."

फान राल्टेंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "तेर्पस्त्रा, वाटणी मुळात काय होती?"

"आठ वाटे. पाच वरच्या चिगोंदांगला, तीन खालच्या सुकावांगीला."

"मग तेच सांगा. कानामात्राही बदलू नका. उद्या आपण परत जाऊ तेव्हा लोकांनी म्हणायला हवं, की सरकार कैदेत होतं तरी सरकारचा शब्द उभा होता. कळलं?"

"कळलं, साहेब," तेर्पस्त्रा म्हणाला. त्याच्या मनातही दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या मागच्या फळीवर दोन पहारेकऱ्यांमध्ये बसून तो निघाला. कुसाबा आणि विरासास्मिता पुढे. दोन वर्षांनी पहिल्यांदाच त्याला कुंपणाबाहेरचं काही दिसत होतं. बाजारात मीठ आणि टॅपिओका, बाकी फळ्या मोकळ्या. माणसांच्या अंगावर पोत्याचं कापड. पहारेकऱ्यांना बघून लोक रस्त्याकडेला वाकत होते, आणि वाकता वाकता ट्रकमधल्या हडकुळ्या गोऱ्याला निरखत होते.

चिगोंदांगच्या खाली रस्ता संपला. पुढे बंधाऱ्यापर्यंत पाटाच्या कडेने चालायचं. पूर्वी तो इथे घोड्यावरून आला होता. आज अनवाणी चालताना पाटाचा काठ कुठे ढासळलाय, कुठे खेकड्यांनी पोखरलाय, हे त्याच्या तळव्यांना समजत होतं. अर्ध्या वाटेवर त्याला घेरी आली. तो खाली बसला, तेव्हा मागून एक म्हातारा आला आणि त्याने बांबूच्या नळकांड्यातलं पाणी पुढे केलं.

"ओळखलं का, साहेब?"

ओळखायला जरा वेळ लागला. आकी सार्पिन, सुकावांगीचा पाटकरी. आकी म्हणजे आजोबा. आठ वर्षांपूर्वीही सगळे त्याला आकीच म्हणत. पाण्याची पाळी कुणाची, चारी कधी उघडायची, कधी बुजवायची, हे तोच ठरवायचा. तेर्पस्त्राला आठवलं की याच म्हाताऱ्याला त्याने तीन दिवस कोंडून ठेवलं होतं. बंधाऱ्यावरच्या सागवानी तुळईला आठ खाचा पाडल्या होत्या, पाच एका पाटाकडे, तीन दुसऱ्याकडे; आणि आकीने वरच्या गावाच्या खाचांमध्ये दगड कोंबले होते.

"ओळखलं," तो म्हणाला. पाणी प्याला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "तुमच्या गावाला झराही होता ना? वरच्या अंगाला. नकाशात होता."

आकी त्याच्याकडे बघतच राहिला. "आहे की. बघायचाय?"

कुसाबा घड्याळ बघत होता, पण विरासास्मिता म्हणाला, "बघू दे. जवळच आहे." आणि सगळी वरात बांधाबांधाने झऱ्याकडे निघाली.

झरा म्हणजे खडकाखालचा खळगा. त्यात वाळलेली पानं आणि तडकलेला चिखल. तेर्पस्त्राने वाकून हात घातला. कोपरापर्यंत कोरडी माती.

"कधी आटला?"

"आटला कधी म्हणजे? दरसालच आटतो, साहेब. पाऊस संपला की जूनला जातो, नोव्हेंबरला पावसाबरोबर येतो. तुम्ही आला होतात मार्चमध्ये, इथल्या भर पावसात. तेव्हा हा धबधब्यासारखा वाहत होता. तुम्ही घोड्यावरूनच पाहिला आणि वहीत लिहिलंत. मी तेव्हाच म्हटलं होतं, साहेब, हा पाहुणा आहे, घरचा माणूस नाही. तुम्ही हसलात."

हे त्याला आठवत नव्हतं. पण ती दुपार आठवली. बदलून चाललेल्या एका वरिष्ठाला निरोपाचं जेवण होतं, आणि त्याला एक वाजेपर्यंत पोचायचं होतं. पाटबंधाऱ्याचा इंजिनियर हिवतापाने पडला होता, म्हणून मोजणी त्याने स्वतःच उरकली होती. सुकावांगीला झऱ्याचं पाणी जास्तीचं मिळतं, तेव्हा पाटाचं कमी दिलं तरी चालेल, असं साधं गणित त्याने केलं होतं. गावकरी कुरकुरले तेव्हा तो विरासास्मिताला म्हणाला होता, कुरकुर करणं हा या लोकांचा धंदाच आहे.

"मग आठ वर्षं तुम्ही उन्हाळी पीक काढलंत कसं?" त्याने विचारलं.

आकी विरासास्मिताकडे बघून ओशाळं हसला. विरासास्मिताने दुसरीकडे बघितलं.

"सांगू का आता? रागवायचं नाही बरं. तुमची मोटार वळणाआड गेली, की आम्ही आमच्या पद्धतीने घ्यायचो. वरच्या गावात आमच्या पोरी दिल्यात, त्यांच्या आमच्याकडे. सोयऱ्याचं शेत करपताना कोण बघत बसेल? उन्हाळ्यात एक दिवस त्यांचा, एक दिवस आमचा. तुमची पाहणी असली की आदल्या दिवशी पाच-तीन करून ठेवायचं, तुम्ही गेलात की पुन्हा आपलं पहिल्यासारखं. मामलेदारांना ठाऊक होतं."

तेर्पस्त्राच्या डोळ्यांसमोर आपले वार्षिक अहवाल आले. 'चिगोंदांग-सुकावांगी पाणीवाटप: हुकमाप्रमाणे सुरळीत.' सहा वेळा लिहिलं होतं, सहीनिशी. पहिल्यांदा त्याला खरंच राग आला. सहा वर्षं ही सगळी माणसं त्याला वेड्यात काढत होती. मग तो राग टिकवावा कशावर, तेच त्याला सापडेना.

"मग यंदा काय झालं?"

"यंदा पोती वाढवली." आकीने कुसाबाकडे न बघता हनुवटी त्याच्या दिशेने केली. "पोती भरली नाहीत तर पाटलाला उन्हात उभा करतात. मग वरच्या सुरादिरेजा पाटलाला सोयरे आठवेनात, तुमचा कागद आठवला. इतकी वर्षं तो कागद कुणाला लागला नव्हता, साहेब. यंदा लागला."

बंधाऱ्यावर दोन्ही गावं जमली होती. वरची माणसं वरच्या काठाला, खालची खालच्या. मोडक्या हाताचा तरुण झोळी बांधून पुढे बसला होता. सुरादिरेजा पाटील जाडजूड माणूस असावा पूर्वी. आता कातडी अंगावर सैल लोंबत होती. त्याने तेर्पस्त्राला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"या, या, साहेब. सांगा यांना. पाच वर, तीन खाली. तुमच्याच तोंडून ऐकू दे."

तेर्पस्त्रा तुळईवर हात टेकून उभा राहिला. फान राल्टेंचे शब्द त्याच्या डोक्यात होते. त्याला वाटलं, एका वाक्याचं काम आहे. बोलावं, ट्रकमध्ये बसावं.

"पाच वर, तीन खाली," तो म्हणाला. "तसाच हुकूम होता. हुकूम मी काढला होता, आणि तो चुकीचा होता."

पाणी तेवढं खाचांमधून वाजत होतं.

"मी भर पावसाळ्यात आलो, झरा बघितला आणि धरून चाललो की तो वर्षभर वाहतो. आकी सार्पिन सांगत होते, मी ऐकलं नाही. उलट त्यांनाच कोंडलं. उन्हाळ्यात झरा नसतो, तेव्हा पाणी अर्धं अर्धंच व्हायला हवं. चूक माझी आहे. सुकावांगीची नाही आणि चिगोंदांगचीही नाही."

"वा रे वा!" सुरादिरेजा उसळला. "राज्य होतं तेव्हा चुकलं नाही, आणि आता चड्डीला सुतळी बांधायची वेळ आली तेव्हा चुकलं? आम्ही काय करायचं? पोती कोण भरणार, तुमची राणी?"

वरच्या काठावर हशा पिकला. तेर्पस्त्राच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"पाटील, सुतळी नाही, काथ्या आहे," तो म्हणाला. "आणि साहेब म्हणून मी सांगतच नाहीये. साहेब म्हणून सांगितलं ते चुकलं, एवढंच सांगतोय."

या वेळी खालच्या काठावरची एक म्हातारी हसली, आणि मग वरच्या काठावरचेही दोघं-तिघं.

कुसाबाला यातलं काही समजलं नव्हतं. सगळं इथल्या लोकांच्या सुंडानी भाषेत चाललं होतं. त्याने विरासास्मिताला विचारलं, "काय म्हणतो हा?"

विरासास्मिताने घसा साफ केला आणि मलयमध्ये सांगितलं, "तो म्हणतो, कागदात दोन कलमं होती. पावसाळ्यात पाच आणि तीन. उन्हाळ्यात अर्धं अर्धं, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. पाटील पहिलंच कलम सांगत होता."

तेर्पस्त्रा चमकला. त्याचं मलय चांगलं होतं. "नाही, मी असं..." त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात विरासास्मिता त्याच्याकडे वळला आणि डचमध्ये बोलला. स्वच्छ, शाळेत शिकलेलं डच. सहा वर्षांत ते त्याने तेर्पस्त्रासमोर कधी वापरलं नव्हतं, कारण देशी माणसाने साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलणं उद्धटपणाचं समजलं जाई.

"जुना हुकूम असेल तर हा इथेच मान डोलावेल. नवीन म्हटलं की बांडुंगला विचारावं लागेल. दोन महिने जातील. भात दोन आठवडेही थांबणार नाही. तुम्ही चूक कबूल केलीत, ती ज्यांना ऐकायची त्यांनी ऐकली. आता हो म्हणा."

'तुम्ही' म्हणाला होता तो. 'आपण' नव्हे. तेर्पस्त्राला ते ऐकून बरं वाटलं, का ते त्याला सांगता आलं नसतं.

"पण तुम्हाला हे महागात पडेल, कळलं तर," तोही डचमध्येच म्हणाला. त्याच्याही तोंडून 'तुम्ही' गेलं.

"माझं मी बघतो."

कुसाबा चष्म्यातून दोघांकडे बघत होता. "खरं आहे? दोन कलमं?"

"हो," तेर्पस्त्रा म्हणाला. "दोन कलमं."

कुसाबा बंधाऱ्याच्या कडेला उकिडवा बसला. सवयीचं होतं ते बसणं, शेतकऱ्याचं. त्याने पाण्यात दोन बोटं घातली, खालच्या शेतांकडे नजर टाकली. मूळ कागदात काय होतं आणि काय नव्हतं, हे त्याला कळलं की नाही, ते देव जाणे. "सुकलेलं शेत पोती देत नाही," तो एवढंच म्हणाला आणि उठला. मग सुरादिरेजाला सांगितलं, "आज यांचा दिवस."

सुरादिरेजाने लुंगी वर खोचली. मग स्वतःच पाण्यात उतरला आणि वरच्या पाटाच्या तोंडाशी फळी बसवायला लागला. फळी जड होती. आकी सार्पिन दुसऱ्या बाजूने उतरला आणि त्याने टोक धरलं. मोडक्या हाताचा तरुण मात्र उठला नाही. तो पाटलाकडे बघत बसून राहिला. सगळं मिटलं होतं असं नव्हे.

निघताना त्या मघाच्या म्हातारीने केळीच्या पानातल्या भाताच्या दोन पुड्या आणून दिल्या, वर खारी मासळी आणि मिरची. एक तेर्पस्त्राने ट्रकमध्येच खाल्ली, इतक्या घाईने की उचकी लागली. दुसरीतला अर्धा भात पहारेकऱ्यांनी काढून घेतला. विरासास्मिताने निरोप घेतला नाही. फक्त ट्रक सुटायच्या आधी मागे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या बाईसाहेब जूनमध्ये भाजीच्या बागेत कामाला होत्या. माझ्या मेहुण्याने पाहिलं. चालत होत्या, बरोबरच्या बायकांशी काहीतरी बोलून हसत होत्या."

एवढं सांगून तो पुढे जाऊन बसला.

बराकीत सगळे वाट बघत होते. उरलेला भात अकरा जणांत वाटला, प्रत्येकी दोन-दोन घास. फान राल्टेंनी आपला वाटा संपवून बोटं पुसली आणि विचारलं, "मग? हुकूम उभा राहिला?"

"राहिला, साहेब."

"सगळ्यांसमोर?"

"जपान्यासमोर, मामलेदारासमोर, दोन्ही गावांसमोर."

"बघा!" फान राल्टे इतरांकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता, आणि तेर्पस्त्राला त्यावर पाणी ओतवेना. ओस्टिंगने मात्र शेजारी पडल्या पडल्या हळूच विचारलं, "खरं काय झालं?" तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"मी तेवीस वर्षं निकाल दिले," ओस्टिंग म्हणाला. "त्यातले किती लोकांनी पाळले असतील रे?"

"देव करो आणि थोडेच पाळलेले असोत," तेर्पस्त्रा म्हणाला. दोघांनाही हसू आवरेना, आणि पलीकडून कुणीतरी गप्प बसा म्हणून ओरडलं.

फान राल्टे त्याच वर्षी डिसेंबरात आमांशाने गेले. तेर्पस्त्रा वाचला. पुढच्या ऑगस्टात जपान शरण आला, आणि काही दिवसांनी आल्का स्वतःच चालत चिमाहीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. केस कापलेले, पायात लाकडी खडावा. त्याला सुकावांगीला जाऊन यायचं होतं, पण दिवस फार बिघडले होते. देशात नवं प्रजासत्ताक जाहीर झालं होतं, रस्तोरस्ती बांबूचे भाले घेतलेली पोरं होती, आणि गोऱ्या माणसाने डोंगरात जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. तेव्हा त्याने फाटकावर येणाऱ्या एका भाजीवालीला गाठलं; तिचं माहेर त्याच बाजूचं होतं. तिला म्हणाला, तेवढं पाण्याचं विचारून ये.

ती तीन आठवड्यांनी आली. आकी सार्पिन वारला होता. सुरादिरेजाला लोकांनी पाटीलकीवरून काढलं होतं. मामलेदार प्रजासत्ताकाच्या बाजूला जाऊन आणखी आत डोंगरात बसले होते.

"आणि पाणी?"

"पाणी आहे की. दिवसाआड घेतात. यंदा पाऊसही लवकर लागला." ती भोपळे मांडत होती.

"माझं काही विचारलं का कुणी?"

भाजीवालीने आठवून पाहिलं. "नाही बाई," ती म्हणाली. "तुमचं नाव काय सांगायचं होतं?"

आल्का शेजारी उभी होती, ती खळखळून हसली. मग तेर्पस्त्रालाही हसू आलं, आणि त्याने दोन भोपळे घेतले.